कशाचं बनलंय, लेखी कळवा

जगातल्या प्रत्येक वस्तूने आपण कशाचे बनलो आहोत हे सहीशिक्क्यानिशी लेखी कळवलं पाहिजे, आणि जी कळवणार नाही तिने जगाच्या बाहेर थांबावं, असं मनापासून मानणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे साडू होते, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. माझं लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या नारायण पेठेतल्या घरी जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही, पगारही विचारला नाही. मी नेलेल्या काजूकतलीवरचा वर्ख त्यांनी नखाने उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारलं, "चांदीचा आहे असं दुकानदाराने लिहून दिलंय का?" मी नाही म्हणालो. "मग आपण याला चांदीसारखं काहीतरी म्हणू," असं म्हणून त्यांनी सगळ्या वड्यांवरचा वर्ख काढून बाजूला ठेवला आणि उघड्या वड्या अत्यंत आनंदाने खाल्ल्या. मी अवघडून बसलेला पाहून मेहुणी म्हणाली, "मनावर घेऊ नका हं. आमच्याकडे कुकरसुद्धा दाखला दाखवूनच शिट्टी मारतो."

ही त्यांची खोड नव्हती, नोकरी होती. किंवा आधी खोड होती आणि तिला साजेशी नोकरी मिळाली, हेही शक्य आहे. हडपसरच्या एका कारखान्यात ते होते. तिथे मोठ्या यंत्रांना लागणाऱ्या विजेच्या नियंत्रणपेट्या तयार होत आणि युरोपात जात. तिकडचा कायदा असा, की विजेच्या वस्तूंत शिसं, पारा, कॅडमियम असली विषारी द्रव्यं ठरलेल्या मर्यादेबाहेर असता कामा नयेत. एका पेटीत शेकडो बारीकसारीक भाग. कुठला भोसरीहून येणार, कुठला चाकणहून, कुठला चीनहून. त्या प्रत्येकाच्या पुरवठादाराकडून 'आमच्या मालात विष नाही' असं लिहून घ्यायचं आणि त्यावर विश्वास न ठेवता स्वतः तपासायचं, हे माझ्या साडूंचं काम. त्यांची पत्रं फार नम्र असत आणि ती आली की पुरवठादारांना घाम फुटे. एकदा मी त्यांच्या घरी बसलो असताना एका स्क्रूवाल्याचा फोन आला. तो म्हणाला, "साहेब, स्क्रू लोखंडाचा आहे हो."

"ते मला दिसतंय. वरची चकाकी कशाची आहे?"

पलीकडे नखाने स्क्रू खरवडल्याचा आवाज आला. मग, "चकाकी... चकाकीचीच आहे साहेब."

"ठीक. तेच लेखी कळवा," साडू म्हणाले आणि फोन ठेवला.

शब्दांच्या बाबतीत ते सोनाराच्या तराजूसारखे होते. 'विष नाही' आणि 'तपासणीत विष आढळलं नाही' ही दोन वाक्यं त्यांच्या मते दोन निरनिराळ्या गावांची होती, आणि पहिल्या गावाला जाणारा रस्ता माणसाला ठाऊक नाही. रस्त्यात कोणी "काय, बरे आहात ना?" असं विचारलं तर ते थांबत, क्षणभर विचार करत आणि म्हणत, "बिघाड आढळलेला नाही." विचारणारा पुढच्या वेळी लांबूनच हात करी.

त्या कायद्यातली एक गोष्ट त्यांना फारच आवडत असे. विषाची मर्यादा अख्ख्या पेटीला लागत नाही. पेटीतला जो पदार्थ आणखी सुटा करता येत नाही, त्या प्रत्येकाला ती वेगवेगळी लागते. पेटी केवढी मोठी आणि शिसं केवढंसं, असा युक्तिवाद चालत नाही. "सरासरीच्या मागे कोणालाही लपता येत नाही," हे वाक्य ते एखादा अभंग म्हणावा तसं म्हणत. मग ते तत्त्व घरीदारी लागू होई. नात्यात एक स्थळ आलं होतं आणि कोणीतरी म्हणालं, "घराणं एकंदरीत चांगलं आहे." साडू लगेच म्हणाले, "एकंदरीत नको. माणसं सुटी सुटी सांगा." सुटी सुटी सांगायला घेतल्यावर ते स्थळ मोडलं. एकदा आम्ही दोघं मिसळ खायला गेलो. त्यांनी मालकांना विनंती केली की फरसाण, उसळ, कांदा आणि रस्सा वेगवेगळ्या वाट्यांत मिळेल का. मालकांनी गल्ल्यावरून मानही वर न करता सांगितलं, "मंडईत जा. तिथे सगळं सुटंच मिळतं." साडूंना ते उत्तर इतकं पटलं की बाहेर पडल्यावर आम्ही खरोखरच मंडईत गेलो. तिथे एका भाजीवाल्याला त्यांनी वांग्यावरच्या तुकतुकीविषयी छेडलं. तो थोडा वेळ ऐकून घेऊन म्हणाला, "काका, वांगं आहे. आतपण वांगंच आहे." साडूंनी अर्धा किलो घेतली. इतकं नि:संदिग्ध निवेदन त्यांना कुठल्या कंपनीने दिलं नव्हतं.

कायद्यात काही सवलतीही असतात. जिथे विषारी द्रव्याला अजून पर्यायच सापडलेला नाही, तिथे ते मुदतीपुरतं चालवून घेतात. आमच्या सासुरवाडीत एक आत्याबाई होत्या. प्रत्येक कार्यात एकीला तरी रडवल्याशिवाय त्या पान वाढू देत नसत. बायका चिडल्या की साडू समजावत, "आत्याबाईंना पर्याय उपलब्ध नाही. सवलत द्या. मुदत संपली की फेरविचार करू." आत्याबाई नव्वदी ओलांडून गेल्या. सवलतीला दरवेळी मुदतवाढ मिळत गेली.

कारखान्याने पुढे पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र घेतलं. ते वस्तूवर टेकवून घोडा दाबला की वस्तूत कोणकोणते धातू किती आहेत ते पडद्यावर उमटतं. त्या दिवसापासून घरातल्या वस्तू साडूंच्या पिशवीतून हडपसरच्या वाऱ्या करू लागल्या. मेहुणीच्या कुंकवाचे करंडे, बांगड्या, हळद, देवघरातली समई. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आलेली रंगीत लाकडी भातुकली त्यांनी तपासायला नेली. एकेका भांड्याचा एकेक रंग सुटा तपासून, त्यावर 'पास'ची हिरवी चिकटपट्टी लावून ती परत आणली, तेव्हा मुलगी सायकलवरून शाळेत जाऊ लागली होती. ती चिकटपट्टी लावलेली भांडी माझ्याकडे अजून आहेत. साडू गेल्याला फार दिवस झालेले नाहीत, आणि मी हे सावकाश लिहितो आहे. प्रत्येक वाक्यापाशी 'हे नक्की का?' असं कोणीतरी मागून विचारतंय असं वाटतं, आणि मग ते वाक्य पुन्हा तपासावं लागतं.

इतक्या संशयी माणसाला देवाधर्माचं वावडं असेल असं वाटण्याचा संभव आहे. तसं नव्हतं. दर शनिवारी आंघोळ करून ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीला जात, तेल घालत, पायाचा शेंदूर बोटाने कपाळाला लावत आणि मग कामावर निघत. शिवाय त्यांचे वडील दुकानदार होते. दिवसाची पहिली विक्री झाली की ती भवानीची नोट दुकानदार कपाळाला लावतो, तसं साडू दिवसाचा पहिला नमुना तपासणीआधी कपाळाला लावत. "ज्याचा निकाल आपल्या हातात आहे, त्याला आधी नमस्कार करावा," असं त्याचं स्पष्टीकरण होतं. शनिवारी मात्र ते नमुन्यांना हात लावत नसत. शनिवार पत्रव्यवहाराचा.

त्यांच्या पुरवठादारांत हडपसरजवळच्या मांजरी गावच्या एक बाई होत्या. उसाच्या शेताकडेला पत्र्याची एक शेड, आणि तिथे आसपासच्या बायका घेऊन त्या पेटीत बसणाऱ्या वायरी कापत, टोकांना पितळी टर्मिनल चिमट्याने दाबून बसवत आणि त्यांची जुडगी बांधून देत. इतकी वर्षं त्यांना गावठी, किरकोळ काम मिळे. त्या वर्षी पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या पेट्यांचं काम मिळालं आणि त्यासाठी त्यांनी बाकीची सगळी कामं सोडून दिली. पहिला माल पास झाला तर वर्षभराचं काम होतं. नापास झाला तर पुरवठादारांतून नाव कमी होणार आणि शेडला कुलूप लागणार. हे बाईंना माहीत होतं, साडूंनाही माहीत होतं. माल पोचायला उशीर झाला, गाडी तर सोमवारी निघायची. म्हणून साडूंनी आपला नियम मोडला आणि शनिवारी तपासायला बसले.

पहिलंच जुडगं नापास झालं. मर्यादेच्या कितीतरी पट शिसं. त्यांनी पुन्हा तपासलं, यंत्र पुसून तपासलं, वायरी सुट्या करून तपासल्या. शिसं होतंच. बाईंना फोन गेला, "माल थांबवला आहे."

"आवो साहेब, वायर तर तुमीच सांगितलेल्या दुकानातनं आणली."

"म्हणूनच शोध घ्यावा लागेल."

सोमवारी त्याच खोक्यातली बाकीची जुडगी तपासली तर सगळी स्वच्छ. कारखान्याचे मालक वयाने लहान, परदेशात शिकून आलेले. ते म्हणाले, "सर, एकच पीस खराब आहे ना? टाकून द्या. बाकीचं जाऊ दे." साडू म्हणाले, "ते एका नगाला लागलं कुठून, हे कळल्याशिवाय दुसऱ्याला लागलं नसेल असं मी कसं लिहू?" गाडी मांजरीच्या मालाशिवाय गेली.

मग त्या नगाने जिथे जिथे स्पर्श केला असेल ते सगळं त्यांनी क्रमाने तपासायला घेतलं. खोकं, सुतळी, टेम्पोतली ताडपत्री, पहारेकऱ्याचं टेबल. मांजरीला जाऊन शेडच्या दाराचा रंग खरवडून आणला. बायकांच्या बांगड्या उतरवून घेतल्या, डब्यातले चमचे घेतले. एक म्हातारी म्हणाली, "साहेब, माजी मिसरी ऱ्हायली की," आणि तिची दंतमंजनाची डबी त्यांनी गंभीरपणे पिशवीत टाकली. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मांजरीच्या बाई हसत नव्हत्या. त्यांच्या बायका आठवडाभर रिकाम्या बसून होत्या.

काहीच सापडेना. पुढच्या शनिवारी साडूंनी ठरवलं, की आता त्या सकाळची प्रत्येक कृती जशीच्या तशी पुन्हा करून पाहायची. एक स्वच्छ, पास झालेलं जुडगं घेतलं. उजव्या हाताने खोक्यातून उचललं, कपाळाला लावलं, ताटलीत ठेवलं, यंत्र टेकवलं. नापास. मग पांढऱ्या कापडाने कपाळ पुसलं आणि ते कापड यंत्राखाली धरलं. तो आकडा त्यांनी मला नंतर कधीही सांगितला नाही. "मर्यादेशी त्याची ओळखसुद्धा नव्हती," एवढंच म्हणाले.

शेंदूर हे शिशाचं संयुग आहे हे त्यांना पाठ होतं. मनाई असलेल्या द्रव्यांच्या तक्त्यात ते नाव त्यांनी हजारदा वाचलं होतं. पण तक्त्यातला शेंदूर वेगळा आणि मारुतीच्या पायाचा वेगळा. सगळं जग तपासलं, पण देवाला त्यांनी कधी पुरवठादारांत धरलंच नव्हतं. घरी आल्यावर त्यांनी हे सांगितलं तेव्हा मेहुणी भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "माझं कुंकू चार वेळा हडपसरला जाऊन आलं. तुमचं कपाळ रोज जात होतं, ते कोणी तपासलं नाही."

मालकांनी हात जोडले. "सर, कशाला वाढवताय? माल क्लीन आहे, पाठवून देऊ. हे कोणाला कळणारे?"

"मला कळलंय," साडू म्हणाले. "माल उशिरा का आला याचं कारण गिऱ्हाइकाला द्यावं लागेल. ते पुरवठादाराच्या नावावर जाता कामा नये."

त्यांनी परदेशी गिऱ्हाइकाला सविस्तर पत्र लिहिलं. दोष तपासणाऱ्याच्या कपाळाचा असून पुरवठादार निर्दोष आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. मारुती कोण, त्याला शनिवारी तेल का घालतात, हेही एका परिच्छेदात होतं. चार दिवसांनी अतिशय सभ्य उत्तर आलं. मांजरीचा माल त्यांनी स्वीकारला होता. शेवटी एक सूचना होती, की श्री. मारुती यांच्याकडून त्यांच्या मालाबद्दलचं लेखी निवेदन घ्यावं, आणि ते सहकार्य करत नसल्यास त्यांच्याशी असलेला व्यवहार थांबवावा. साडू त्या पत्राने खूश झाले. तिकडेही आपल्यासारखी माणसं आहेत, असं त्यांना वाटलं. त्यांनी देवळात जाऊन पुजाऱ्यांना विचारलंसुद्धा, की शेंदूर कुठून आणता. पुजारी म्हणाले, "देवाची अजून तक्रार आलेली नाही. तुम्हाला सोसत नसेल तर लांबून नमस्कार करा. त्यालाही तो चालतो." तेव्हापासून ते लांबून करू लागले.

राहिल्या मांजरीच्या बाई. त्यांना फोनवर सांगणं साडूंना प्रशस्त वाटेना. मला म्हणाले, "तुम्ही चला बरोबर. दोन माणसं असली की माफी जरा रीतसर वाटते." आम्ही त्यांच्या स्कूटरवरून गेलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माल पास झाला, वर्षाचं काम नक्की झालं, हे ऐकूनही त्यांचा चेहरा सैल झाला नाही.

"म्हंजी चूक तुमच्या कपाळाची," त्या म्हणाल्या, "अन् आठ दिस पोटाला चिमटा आमच्या."

"खरं आहे," साडू म्हणाले.

"आमचा माल तुमी लगीच नापास केला. कसा करत्यात ते तरी ठावं हाय का? बसा तितं. एक करून दावा."

साडू बसले. बायकांनी कामं थांबवली. त्यांनी वायर सोलली, टर्मिनल बसवलं, दात आवळून चिमटा दाबला, आणि जुडगं दोन्ही हातांनी बाईंपुढे धरलं. बाईंनी टोक धरून किंचित ओढलं. टर्मिनल त्यांच्या हातात आलं.

"नापास," बाई म्हणाल्या.

"कारण लेखी मिळेल का?" साडूंनी विचारलं. त्यांनी ते खरोखरच विचारलं होतं. पण मग सगळी शेड हसली, आणि शेवटी बाईसुद्धा.

पुढे ते निवृत्त झाले. लोक निवृत्तीनंतर बागेत फिरायला जातात. हे मांजरीला जाऊ लागले. बाकाच्या टोकाला बसून एकेक जुडगं बांधायचे. बाई संध्याकाळी ओढून पाहायच्या आणि बाजूला टाकायच्या. "आज काय झालं?" असं मी विचारलं की ते म्हणत, "नापास. पण कालच्यापेक्षा जरा जास्त ओढावं लागलं." सरावासाठी बाईंनी त्यांना एक जुना चिमटा घरी दिला होता. आयुष्यभर लोकांना नापास केलेल्या या माणसाला नापास होण्यात इतकं सुख कसं वाटत होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आता थोडंसं कळतं. मग ते आजारी पडले आणि आधी त्यांच्या बोटांतली ताकद गेली. चिमटा दाबला जाईना, तेव्हा ते नुसता उशाशी ठेवत. डॉक्टर तपासून गेले की मेहुणी विचारी, "काय म्हणाले?" आणि ते म्हणत, "एकंदरीत ठीक आहे म्हणाले." त्यांच्या तोंडून 'एकंदरीत' हा शब्द ऐकला, आणि मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो.

ते गेल्यावर महिन्याभराने मेहुणी म्हणाली, "त्या बाईंचा चिमटा परत द्यायला हवा." आम्ही दोघं मांजरीला गेलो. शेड आता दुप्पट मोठी झाली आहे, बायकाही वाढल्या आहेत. बाईंनी चिमटा पदराने पुसून घेतला आणि खिळ्याला लावला. पाणी दिलं.

मग मेहुणीने विचारलं, "त्यांचं एखादं तरी पास झालं का हो?"

"न्हाई," बाई म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू. गिऱ्हाइकाला द्येन्याजोगं एक बी झालं न्हाई." मग म्हणाल्या, "शेवटचं त्यातल्या त्यात बरं हुतं. ते म्या ठेवलंय."

शेडच्या कोपऱ्यात भिंतीला एक लहानसा देव्हारा होता. त्यात गणपतीची तसबीर आणि तिच्यावर बॅटरीवर चालणारा एक बारका दिवा. दिव्यापासून खाली काळ्या-लाल वायरींचं एक जुडगं आलं होतं, जरा वाकडं बांधलेलं. बाईंनी बटण दाबलं. दिवा लागला, मग फडफडला, मग पुन्हा लागला.

"टोकाला जरा लूज हाय," बाई म्हणाल्या. ते घट्ट करायला मी हात पुढे केला, तसं त्यांनी मला थांबवलं. "ऱ्हाऊ द्या तसंच."